वजनाआधीचा प्रसाद

वेतोबा क्रीडा मंडळाच्या मुलींना स्पर्धेच्या दिवसांत पाणी मिळायचं, पण ते फक्त चूळ भरायला. "गुळणी कर, गिळू नकोस," हे अनंत सरांचं वाक्य विक्रोळीच्या त्या मैदानावर इतक्यांदा कानावर पडायचं की समोरच्या इमारतीतली पोरं सकाळी दात घासताना एकमेकांना तेच सुनावायची. कबड्डीच्या कुमारी गटाला पासष्ट किलोची मर्यादा असते. सामन्याआधी काट्यावर उभं राहायचं, काटा पुढे सरकला की खेळाडू बाहेर. म्हणून स्पर्धा जवळ आली की घाम गाळून वजन उतरवायला मुली ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायच्या. रस्त्यावरून जाणारा एखादा थांबून आभाळाकडे बघायचा, मग पोरींकडे बघायचा आणि मान हलवत निघून जायचा.

अनंत सर माणूस वाईट नव्हते, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी उभा दावा मांडता येतो. सर कंपनीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आले. मुलींसाठी मॅट आणली, उशीर झाला तर एकेकीला दारापर्यंत सोडलं. चाळीतल्या आया सरांवर डोळे मिटून विश्वास टाकायच्या. डोळे मिटल्यावर दिसत काहीच नाही, एवढंच.

श्रुतिका या संघाची कर्णधार. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, आणि तिच्या हातात घोटा सापडलेली चढाईपटू परत मधली रेषा बघायची नाही. अंगानं ती मुळातच थोराड, आईसारखी. पासष्टच्या आत राहायचं म्हणजे तिला वर्षभर अर्धपोटी राहावं लागायचं. ती राहिलीही. सकाळी चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी सरावानंतर एक भाकरी. भूक लागली की ती झोपून टाकायची. वयाच्या हिशेबानं कुमारी गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष होतं. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेतून उपनगरचा संघ निवडतात, तो राज्य स्पर्धेला जातो, आणि राज्य खेळलं की क्रीडा कोट्यातून नोकरीची वाट उघडते. श्रुतिकाला ती वाट हवी होती.

मंडळ अरवली गावाकडच्या लोकांनी काढलेलं, म्हणून नाव तिथल्या ग्रामदेवाचं, वेतोबाचं. मंडळाच्या खोलीत वेतोबाची तसबीर होती, आणि प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी ती बरोबर न्यायची, केळ्यांचा घड दाखवायचा, आणि मगच मॅटवर पाय ठेवायचा, ही जुनी रीत. सरांनी त्यात आपली एक भर घातली होती. प्रसाद वाटायचा तो वजन झाल्यावर. "देव थांबतो, काटा थांबत नाही," असं म्हणून ते घड स्वतःच्या खुर्चीखाली ठेवायचे. घड कर्णधारानं दाखवायचा, पण तिला 'अडचण' असली तर नाही. म्हणून दर वेळी सर दुसरीकडे बघत विचारायचे, "चालतं ना?"

श्रुतिकाला वर्षभर चालत होतं. दर स्पर्धेला, दर वेळी. तिच्याआधीच्या कर्णधार मुलीला निम्म्या वेळा बाजूला बसावं लागलं होतं. श्रुतिकाचं तसं काही नव्हतं. "ह्याला म्हणतात तयारी," सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. "शरीर सेट झालं की असल्या अडचणी आपोआप थांबतात." श्रुतिकाची मान तेव्हा दोन बोटं वर गेली होती. धाकटी प्रांजल, संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू, तिच्याकडे असं बघत होती की जणू हिनं पदक जिंकलंय. त्या दिवसापासून प्रांजलनंही जेवण कमी केलं. तिला तर पासष्टची भीतीच नव्हती, ती जेमतेम पन्नासची.

जूनमध्ये मैदानावर रेवती मॅडम आल्या. मुलुंडला खेळाडूंच्या तपासण्यांचं एक केंद्र होतं, तिथे त्या संशोधन करायच्या. कबड्डी खेळणाऱ्या मुली काय खातात, किती झोपतात, दुखापतीतून किती लवकर उठतात, असा त्यांचा अभ्यास होता. सरांनी लगेच होकार दिला. तपासण्या फुकट होत्या, आणि आपल्या मुली अभ्यासात आहेत हे बॅनरवर छान दिसलं असतं. त्या बॅनरचा मजकूरसुद्धा त्यांनी मनात तयार केला होता.

मुलुंडच्या केंद्रात मॅडमनी श्रुतिकाला बरंच काही विचारलं. शेवटी म्हणाल्या, "पाळी कधी आली होती?"

"मला नाही येत, मॅडम," श्रुतिका म्हणाली. आवाजात अजून तोच जुना दिमाख होता. "वर्ष झालं बंद आहे. प्लेअर लोकांचं असंच असतं ना? बॉडी सेट झाली की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. श्रुतिकाला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो.

"घरात गॅस संपत आला, दुसरा सिलिंडर नाही, तर आई काय करते?" मॅडमनी विचारलं.

"फक्त भात लावते. पाणी तापवणं बंद."

"तुझ्या शरीरानं तेच केलंय. जगायला लागतं तेवढंच चालू ठेवलंय, बाकीचं बंद. ही तयारी नाही गं. ही उपासमार आहे."

ऑगस्टमध्ये तपासण्यांचे निकाल आले तेव्हा श्रुतिकाबरोबर तिची आई होती. मालन कधी फारशी कुणासमोर बोलायची नाही, पण तिथे मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिचा डावा पंजा जरा वाकडाच दिसायचा. मागच्या वर्षी न्हाणीघरात साधा पाय घसरला आणि मनगट काटकीसारखं मोडलं, ते पुन्हा नीट बसलं नाही.

"नडगीच्या हाडाला बारीक चीर पडायला लागलीय," मॅडम म्हणाल्या. "विश्रांती दिली आणि नीट खाल्लं तर भरेल. धावत राहिली तर मोडेल. दुसरं म्हणजे कण्याची हाडं. वीस वर्षांच्या मुलीची नाही वाटत ती. तुमच्या वयाच्या बाईची असावीत तशी आहेत."

मालननं आपल्या मनगटाकडे बघितलं.

"माझ्या वयाची?" ती म्हणाली. "तुमी काय सांगतास काय, मॅडम? ह्येका अजून लगीन नाय, पोर नाय, आणि हाडां माझ्या वयाची?"

श्रुतिकाला दुसरीच चिंता लागली होती. "खाल्लं तर वजन वाढेल."

"वाढेल."

"पासष्टच्या वर गेलं तर?"

"महिला गटात खेळशील. तिथे मर्यादा वरची आहे."

"महिला गटात नोकरीवाल्या मुली असतात, मॅडम. कंपन्यांच्या टीम. मला कोण घेणार तिकडे? यंदा सिलेक्शन हुकलं तर माझी वाट लागली."

मॅडमनी खोटं आश्वासन दिलं नाही, हे श्रुतिकाला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं. "ते मला नाही ठरवता येणार," एवढंच त्या म्हणाल्या. "तुझ्या सरांनाही मी तुझं नाव घेऊन काही सांगू शकत नाही, अभ्यासाचा नियम आहे तो. सांगायचं असेल तर तूच सांगायचंस."

घरी आल्यावर मालननं भाताचं मोठं पातेलं काढलं, आणि त्या दिवसापासून श्रुतिकाच्या ताटाशी बसून राहायला लागली. कुळथाची पिठी, तुपाची पेज, बांगडा, उकडलेली अंडी. आधी स्वतः शेवटी, उरलंसुरलं खाणारी ही बाई आता लेकीबरोबर ताट मांडून जेवायला लागली. "मॅडम माका पण म्हणाली खावा म्हणान," असं ती शेजारी सांगायची. मॅडम तसं काही म्हणाल्या नव्हत्या. श्रुतिका जेवायची, पण घास तोंडात फिरायचा. वर्षभर ज्या भुकेला तिनं शिस्त समजून सांभाळलं होतं, तीच आपली हाडं खात होती, हे कळल्यावर तिला भयंकर राग आला होता. तो सरांवर काढावा, स्वतःवर काढावा की काट्यावर, एवढंच कळत नव्हतं.

पहिल्यांदा तो मैदानावर निघाला. सरांनी रेनकोट पुढे केला आणि तिनं तो घेतला नाही.

"नडगीला चीर आहे, सर. मी धावणार नाही. बसून पकडींचा सराव करते."

"नडगी कुणाची दुखत नाही? तेल लाव. त्या मॅडमनी डोक्यात भरवलं ना तुझ्या? मॅडम लोकांनी कधी मॅटवर घाम गाळलाय?"

"माझी हाडं मॅटवरच गेलीत, सर."

असं उत्तर त्या मैदानावर कुणी कधी दिलं नव्हतं. मुली चुळा भरायच्या थांबल्या. सरांनी रेनकोटाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा भीतीही वाटली. "ठीक आहे," ते म्हणाले. "काट्यावर भेटू."

पुढचे आठवडे ती रोज आली, कडेला बसून प्रांजलचे घोटे पकडत राहिली. ते घोटे इतके बारीक होते की बोटं सहज एकमेकांना टेकत. "जेवतेस का गं?" तिनं विचारलं. प्रांजल नुसती हसली.

स्पर्धा मुलुंडला होती. त्या दिवसापर्यंत श्रुतिकानं मनाशी काहीच पक्कं केलं नव्हतं, हे इथे कबूल करायला हवं. आदल्या दिवशी घरच्या काट्यावर ती दोन किलो वर होती. एक दिवस पाणी तोडलं, रेनकोट चढवला, तर उतरणं अशक्य नव्हतं. याआधी तिनं उतरवलं होतंच. पाय आता दुखत नव्हता. एक दिवस, फक्त एकच दिवस, असं तिचं मन तिला चोरट्या आवाजात सांगत होतं.

सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली ती दाराशीच उभी राहिली.

"काय झाला गो?" मालननं विचारलं.

"आई, आली."

मालनला समजायला वेळ लागला. मग तिनं हातातला डबा खाली ठेवला आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. श्रुतिका रडत होती आणि हसत होती. पंधराव्या वर्षी जिचा वैताग यायचा, ती पाळी अशी घरी परतलेल्या माणसासारखी वाटेल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. तिचं शरीर मोडलं नव्हतं. ते जेवणाची वाट बघत होतं. चोरटा आवाज त्यानंतर पुन्हा आला नाही.

पण मालन शेवटी मालनच. डोळे पुसून झाल्यावर पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते हे: "मगे आज घडाक हात लावू नको हां. मी घेतंय."

तर घड मालनच्या हातात, वेतोबाची तसबीर सरांच्या हातात, अशी मंडळी मुलुंडच्या मैदानावर पोचली. मांडव घातला होता, माईकवरून संघांची नावं पुकारली जात होती, आणि वजनकाट्यापुढे रांगा लागल्या होत्या. वेतोबाच्या मुली एका कोपऱ्यात बसल्या होत्या, ओठ सुकलेले, रेनकोट कमरेला बांधलेले. प्रांजल भिंतीला टेकून डोळे मिटून होती. मंडळाच्या इतर आयाही आल्या होत्या. सरांनी खुर्चीवर तसबीर ठेवली, हार घातला आणि श्रुतिकाकडे न बघताच म्हणाले, "चल, घड घे. चालतं ना?"

"नाही सर," श्रुतिका म्हणाली. "मला पाळी आलीय. आज सकाळीच."

शब्द मोठ्यानं म्हटला गेला होता. शेजारच्या संघाच्या दोघीतिघी वळल्या. सरांचा चेहरा तांबडा झाला. "बरं, बरं, एवढं ओरडून कशाला. प्रांजल, तू घे."

"प्रांजलला विचारा ना, सर," श्रुतिका म्हणाली, "तिला का चालतं."

प्रांजलनं डोळे उघडले. तिनं श्रुतिकाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "माझी जूनपासून आली नाही," ती हळूच म्हणाली.

"माझी गणपतीच्या आधीपासून," मागून एक आवाज आला. आणि मग आणखी एक. एकेक मुलगी बोलत होती, आणि त्या प्रत्येकीची आई आपल्या मुलीकडे आज पहिल्यांदाच बघावं तशी बघत होती. सर सगळ्यांत मध्ये उभे होते, हातात उदबत्ती.

"अगं, मग मला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच श्रुतिकाला जास्त राग आला.

"सांगितलं होतं, सर. 'चालतं' म्हणून सांगत होतो. तुम्ही खूश होत होतात."

सरांच्या हातातल्या उदबत्तीची राख त्यांच्याच बुटावर पडली.

"ज्या आजारी आहेत त्या चालतात तुम्हाला," श्रुतिका म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "मी बरी झाले तर मला चालत नाही? घड मीच दाखवणार. कर्णधार आहे मी."

सगळ्यांनी मालनकडे बघितलं, कारण घड तिच्या हातात होता. मालननं उभ्या आयुष्यात त्या चार दिवसांत देवाच्या दिव्याला हात लावला नव्हता. ती तसबिरीसमोर जरा वेळ उभी राहिली. काळा उंच देव, पायात जाड वहाणा. गावात दर वर्षी त्याला नव्या वहाणा वाहतात, कारण तो गावभर फिरतो आणि जुन्या झिजतात, असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं.

"ह्यो देव चालान चालान वहाणो झिजवता," मालन म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, बहुतेक स्वतःलाच. "पायाच्या हाडांची किंमत ह्येका नाय कळतली तर कोणाक कळतली?" आणि तिनं घड लेकीच्या हातात दिला.

श्रुतिकानं घड दाखवला. हात जोडले. मग घड सरांच्या खुर्चीखाली न ठेवता ती तिथेच एकेक केळं मोडायला लागली.

"वजन व्हायचंय अजून!" सर म्हणाले, पण ते सवयीनं.

"देव थांबतो ना, सर? फार थांबला बिचारा." तिनं पहिलं केळं प्रांजलच्या हातात ठेवलं. प्रांजलनं सालही अर्धवट काढलं आणि खायला लागली, अधाशासारखी, गालावरून पाणी वाहत होतं त्याची पर्वा न करता. मुली उठल्या. हात पुढे आले. कुणाच्या तरी आईनं पाण्याची बाटली उघडून पोरीच्या तोंडाला लावली आणि म्हणाली, "गीळ." प्रसाद आहे म्हटल्यावर नको म्हणायची सोय सरांनाही राहिली नव्हती. श्रुतिकानं त्यांच्यापुढे केळं धरलं. ते घेतलं त्यांनी. सोललं नाही, नुसतं हातात धरून उभे राहिले.

"डावा कोपरा कोण सांभाळणार आज?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं. आवाज पार उतरला होता. "तू तर वजनात बसणार नाहीस. तू नसलीस की तो कोपरा उघडा. टीम हरेल, श्रुतिका."

"हरेल कदाचित," ती म्हणाली. राज्य, निवड, नोकरी, सगळं त्या काट्यापलीकडे होतं आणि ती ते स्वतःच्या हातानं सोडत होती. तिला ते हवं होतं, अजूनही हवं होतं. "पण पोरी चालत घरी जातील."

माईकवरून मंडळाचं नाव पुकारलं गेलं. मुली केळी खात खातच रांगेत गेल्या. एकामागून एक काट्यावर चढल्या, आणि एकही बाद झाली नाही. पोटात केळं आणि घोटभर पाणी घेऊनसुद्धा सगळ्या आत होत्या. इतके महिने कशासाठी रेनकोट घालत होतो, असा प्रश्न त्यांच्यापैकी दोघींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"तू नको जाऊस," सर श्रुतिकाला म्हणाले. "नाव मागे घेतो. दुखापत म्हणून लिहितो. उगाच सगळ्यांसमोर कशाला?"

"मला माझं वजन बघायचंय."

ती काट्यावर चढली. टेबलाशी बसलेल्या पंचानं आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि सहानुभूतीनं आवाज खाली आणला. "ताई, वर आहात तुम्ही. सदुसष्ट. बसत नाही."

वर्षभर आपल्या वजनाचा आकडा तिनं चोरासारखा लपवला होता. आईपासून, प्रांजलपासून, स्वतःपासून.

"ऐकू नाही आलं," श्रुतिका म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

पंच गोंधळला. त्याच्या शेजारी माईकवाला बसला होता, त्याला वाटलं पुकारायचं आहे. मुलुंडच्या त्या मैदानावर, मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज गेला: "वेतोबा क्रीडा मंडळ, विक्रोळी, कर्णधार श्रुतिका, सदुसष्ट किलो!"

रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आधी वेतोबाच्या, मग शेजारच्या संघाच्या, ज्यांच्या कमरेलाही रेनकोट बांधलेले होते. श्रुतिका काट्यावरून उतरली नाही. तिनं मान वर केली, आणि या वेळी ती कुणी चढवलेली नव्हती.

गर्दीतून वाट काढत मालन पुढे आली. घडाला शेवटची दोन केळी उरली होती. वाकड्या पंजानं तिनं त्यातलं एक तोडलं आणि काट्यावर उभ्या असलेल्या लेकीच्या हातात दिलं.

"घे गो," ती म्हणाली. "आणखी एक खा."